मासे : कधीच नाही

अँप्युल फुटली नाही. झालं होतं ते एवढंच. यवतमाळच्या दवाखान्यात नर्स म्हणून केलेल्या पंधरा वर्षांच्या नोकरीत कौसल्या टेकामने अशा किती फोडल्या असतील, त्याची मोजदाद नव्हती. काचेची मान अंगठा आणि तर्जनीत धरायची, मनगटाला जरासा हिसका द्यायचा, टक् असा आवाज, की झालं. त्या सकाळी तो आवाज आला नाही. धरलेली काच बोटांना जणू लागतच नव्हती. समोरच्या कॉटवर बोरी अरब गावचा एक फवारणीवाला तोंडातून फेस काढत होता, त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या आणि त्याच्या अंगाला पऱ्हाटीवर, कपाशीवर मारायच्या औषधाचा तो वास येत होता, जो आताशा वॉर्डाच्या भिंतींनाही येई. दर दहा मिनिटांनी त्याला विषावर उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन जायला हवं होतं. तिने पुन्हा जोर लावला. कळ बोटांतून निघून थेट कोपरापर्यंत गेली आणि अँप्युल फरशीवर पडली. आयशाबी तिथेच फरशी पुसत होती. तिने ओले हात पदराला पुसले, ट्रेमधली दुसरी अँप्युल उचलली, फोडली आणि कौसल्याच्या हातात दिली. आयाने औषधाला हात लावायचा नसतो हे दोघींनाही ठाऊक होतं. इंजेक्शन गेलं. तासाभराने माणसाचा फेस थांबला, तो डोळे उघडून पाणी मागू लागला, तेव्हा आयशाबीने तिला औषधांच्या खोलीत गाठलं.

"कधीपासून चालू हाय हे?"

"थंडीनं आखडले असतील."

"ऑक्टोबरात थंडी? मले नका सांगू, बाई. तुमी सकाळी मस्टरवर सही करता तवा पेन दोन हातानं धरता. मी पाह्यलं. डागदरले दाखवा, नाहीतर मीच सांगतो."

सांगावं लागलं नाही. दारातून डॉक्टर पुराणिकांनी सगळं पाहिलं होतं. ते नागपूरहून महिन्यातून दोनदा येत. आवाज न चढवणारे, सिस्टरना अहो-जाहो करणारे, आपला डबा आपणच धुणारे गृहस्थ. त्यांनी तिची बोटं एकेक करून दाबली, रक्त तपासायला लावलं आणि दोन दिवसांनी खुर्चीवर बसवून तिला सांगितलं की हा संधिवाताचा एक प्रकार आहे, सुजेचा. शरीर आपलं आपल्यावरच पेटतं. गोळ्या लिहून दिल्या. मग ड्रॉवरमधून त्यांनी पिवळ्या कॅप्सूलची एक बाटली काढून तिच्यासमोर ठेवली. समुद्रातल्या माशांचं तेल. ते उत्साहाने बोलू लागले. लांब उत्तरेला, बर्फाच्या समुद्राकाठी आदिवासी राहतात, पिढ्यानपिढ्या मासे आणि सीलची चरबी खाऊन जगलेले. त्यांच्यात सुजेची दुखणी कमी दिसतात असं काही अभ्यास सांगतात. सगळ्यांचं एकमत नाही, पण माशांच्या तेलात काहीतरी आहे खरं. "आदिवासींचं शहाणपण म्हणतात ना सिस्टर, ते हे," ते म्हणाले. मग सहज म्हणून विचारलं, "तुम्ही कोलाम ना? तुमच्याकडे आहे का असं काही? मासे वगैरे?"

"नाही," कौसल्या म्हणाली.

हे 'नाही' इतक्या पटकन आलं की तिलाच ते दुसऱ्या कुणीतरी म्हटल्यासारखं वाटलं. डॉक्टरांनी मान हलवली. ते तिच्याबद्दल वाईट काहीच मनात आणत नव्हते, हे तिला दिसत होतं आणि त्याचाच तिला संताप आला. एखाद्याने तोंड वाकडं केलं असतं तर बरं झालं असतं. तोंड वाकडं करणाऱ्यांशी कसं वागायचं ते तिला येत होतं. तीस वर्षं ती तेच शिकली होती. पण हा माणूस जगाच्या टोकावरच्या आदिवासींच्या ताटाचं कौतुक करत होता. तिथे मासा शहाणपण होता. इथे तोच मासा तिच्या पेटीतून काढून काठीच्या टोकाने बाहेर नेला होता. बाटली पर्समध्ये टाकून ती क्वार्टरवर आली, हात न धुताच खाटेवर बसली आणि गिळायची म्हणून दिलेली कॅप्सूल तिने दाढेखाली धरून फोडली. तेल जिभेवर पसरलं. ती घाण नव्हती. कुणालाही घाण वाटली असती, पण तिला वाटली नाही, आणि तिच्या डोळ्यांना एकदम पाणी आलं. ते दुःखाचं नव्हतं. चिडल्यावर तिला नेहमी असंच पाणी येई आणि लोक तिला हळवी समजत.

पोडावरचा नाला आश्विनात उतरायला लागायचा. झरीकडच्या टेकड्यांच्या पोटात तिचं पोड, कोलामांची वस्ती. तीसेक घरं, बाकी सागाचं रान. बाप बांबूच्या टोपल्या विणायचा, पण नाल्यात लावायची निमुळती टोपली मात्र आई, जंगूबाई, स्वतः विणायची, कारण तिच्या तोंडाची वीण पुरुषांच्या हाताला जमत नाही असं तिचं म्हणणं होतं. मासा आत शिरतो, बाहेर निघत नाही. सकाळी ती टोपली उचलली की आत बोटाएवढे, करंगळीएवढे मासे चमकायचे, कधी एखादी मरळ, कधी झिंगे, दगडाखालचे खेकडे तर कौसल्या स्वतः काढायची आणि ते चावले तरी ओरडायची नाही, कारण ओरडलं की आई हसायची. ओले मासे अंबाडीच्या पाल्यात शिजायचे. उरलेले खडकावर वाळायचे, मग चुलीवरच्या शिंक्यात धुराला लागायचे आणि उन्हाळाभर पुरायचे. बाळंतिणीला खेकडे कुटून त्यांचं पाणी, म्हाताऱ्याचे गुडघे धरले की मरळीचा रस्सा. हे औषध आहे असं कुणी म्हणत नसे. हे जेवण होतं. सत्तरीची आजी उकिडवी बसून दिवसभर बांबू सोलायची आणि उठताना गुडघ्यावर हातही ठेवायची नाही. कौसल्या नर्स होती. एक आजी म्हणजे पुरावा नव्हे, हे तिला कळत होतं. तिची आत्ताची बोटं कशाने सुजली, मासे खाल्ले असते तर सुजली नसती का, हे कुणीच सांगू शकलं नसतं. पण राग पुराव्यासाठी थांबत नाही. तो आला होता आणि खाटेवर तिच्या शेजारी बसला होता.

आश्रमशाळेत ती नऊ वर्षांची असताना गेली. जाताना आईने फडक्यात सुकट बांधून दिली होती. तिथलं जेवण पोरीला उतरलं नाही तर तेवढाच आधार. तिसऱ्या दिवशी वास आला. अधीक्षिकाबाईंनी पेट्या उघडायला लावल्या आणि कौसल्याचं फडकं सापडलं. सगळ्या मुली उभ्या होत्या. "हे काय आहे?" बाईंनी विचारलं. तिला मराठी थोडंसंच यायचं. कोलामीत माशाला काये म्हणतात. ती म्हणाली, "काये." बाई म्हणाल्या, "मी विचारतेय, काय आहे?" ती पुन्हा म्हणाली, "काये." मुली हसू लागल्या. बाईंना वाटलं पोरगी उलटून बोलते, आणि तिच्या कानशिलावर पहिली बसली. बरोबर उत्तर दिल्याबद्दल. ते फडकं काठीला अडकवून चौकीदाराने बाहेर नेलं. त्यानंतर वर्षभर तिचं नाव काये होतं, मुली बोटाने नाक धरून म्हणायच्या, काये काये. एवढ्या एका शब्दासाठी ती मराठी अशी शिकली की पुढे नर्सिंगला तिचं बोलणं ऐकून कुणी गाव विचारलं नाही. वरण-भात जेवली, साबणाने तीनतीनदा हात धुतले, आडनाव विचारलं की पटकन पुढचा विषय काढला. आपण वर आलो, असं तिला वाटत होतं. आज तिला वाटलं, कुणीतरी आपल्याला मानेला धरून वर काढलं आणि आपण त्या हाताचे आभार मानत राहिलो.

पुराणिकांना पोडांवर पाहणी करायची होती. कोलामांच्या रक्तात सूज किती, खाणं काय. सोबत भाषा येणारी सिस्टर हवी. त्यांनी निवडलेल्या चार पोडांच्या यादीत तिचं पोड दुसरं होतं. तिने सांगायला हवं होतं की तिथे माझी आई राहते. ती बोलली नाही. जीपमध्ये मागे बसली. पुढे डॉक्टर आणि फॉर्म भरायला आलेली शिकाऊ डॉक्टर रुपाली. पांढरकवडा मागे पडलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी कापूस, बोंडं किडीने काळी पडलेली, आणि त्यात पाठीवर पंप घेतलेली माणसं तोंडाला काही न बांधता चालत होती. उद्या-परवा यातलंच कुणीतरी आपल्या वॉर्डात येणार, असं तिच्या मनात आलं. पोडाच्या अलीकडे जिथे सागाचं रान सुरू व्हायचं तिथेही आता पऱ्हाटी होती, पार नाल्याच्या काठापर्यंत. चार वर्षांत ती आली नव्हती. नाल्याचं पाणी दिसलं, पण काठावर बगळा नव्हता. त्याकडे तिचं लक्ष गेलं आणि ती काठाच्या दुसऱ्या टोकापर्यंत बगळा शोधत राहिली.

शाळेच्या पडवीत बायका रांगेने बसल्या. अकरा बायका. जंगूबाई चौथी होती. लेकीला जीपमधून उतरताना तिने पाहिलं, पांढरी साडी पाहिली, सोबतचे लोक पाहिले आणि ती उठली नाही. तिची पाळी आली तेव्हा गुडघ्यावर दोन्ही हात दाबत ती उभी राहिली, पुढे आली आणि रुपालीने नाव विचारल्यावर परक्या बाईने सांगावं तसं नाव सांगितलं. जंगूबाई टेकाम. पोडात अर्धे टेकाम. रुपालीला काही वाटलं नाही. कौसल्याने आईच्या दंडाला पट्टा बांधला. शीर शोधताना तिची बोटं वाकेनात. सुई पहिल्यांदा चुकली. आईने दुसऱ्या हाताने तिचं सुजलेलं बोट धरलं, बांबू चिरण्याआधी गाठ चाचपावी तसं दाबलं आणि कोलामीत हळूच विचारलं, "कवापासून?"

"झालं वर्ष."

"कोनाले सांगतलं?"

"नाही."

"मलेबी नाही," आई म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. दुसऱ्यांदा शीर सापडली आणि आईचं रक्त नळीत चढू लागलं, काळसर, सावकाश.

मग प्रश्न. मासे किती वेळा? रोज, आठवड्यातून, कधीतरी, कधीच नाही. कौसल्याने विचारलं. आई म्हणाली, "आता नाही." रुपालीने विचारलं, "नाही म्हणाल्या ना?" आणि शेवटच्या चौकोनात खूण केली. त्याआधीच्या तिघींचंही तेच होतं, नंतरच्या सात जणींचंही तेच झालं. आता नाही. आता कुठले. आता नाही बाई. 'आता' हा शब्द प्रत्येक वेळी कोलामीतून मराठीत येताना वाटेतच गळत होता आणि गाळणारी कौसल्याच होती, कारण ती फक्त "नाही" म्हणत होती. अकराव्या बाईने मात्र थोडं जास्त सांगितलं. तीन वर्षांपूर्वी खालच्या गावच्या माणसांनी उरलेलं फवारणीचं औषध डोहात ओतलं होतं, मासे आयते हाती लागावेत म्हणून. सारे वर आले, लहानमोठे सगळे, पांढरी पोटं वर करून. पोती भरून ते बाजारात गेले. पोडातल्या दोन कुत्र्यांनी उरलेले खाल्ले आणि ती मेली. तेव्हापासून दरवर्षी शेतातलं पाणी नाल्यात येतं, पंप तिथेच धुतात, आणि टोपली लावली तर तिच्यात पालापाचोळा येतो. हे सगळं ऐकून कौसल्याने सवयीने तोंड उघडलं, पण यातलं काय सांगावं ते तिला कळेना. रुपाली चौकोनावर पेन टेकवून थांबली होती. "कधीच नाही?" तिने विचारलं. कौसल्या काही बोलली नाही, आणि खूण झाली.

पुराणिकांनी अकरा फॉर्म चाळले. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरीची हळहळ होती. "बघा," ते रुपालीला म्हणाले, "बर्फातले लोक आणि हे. केवढा फरक. इथे पाण्याजवळ राहूनही मासे खायची परंपराच नाही. जागृती करावी लागेल. आपण इथे कॅप्सूल वाटू शकतो."

"परंपरा नाही असं नाही, सर," कौसल्या म्हणाली.

"पण तुम्हीच सांगितलंत ना सिस्टर? तिकडेही, आणि आत्ताही."

ते खरं बोलत होते. तिचा सगळा राग त्या खऱ्यावर येऊन थडकला आणि त्याला पुढे जायला जागाच उरली नाही. अधीक्षिकाबाईंवर रागावता येत होतं, डोहात विष ओतणाऱ्यांवर येत होतं, या शांत माणसावर येत होतं. आणि त्या सगळ्यांच्या रांगेच्या शेवटी पांढऱ्या साडीतली एक बाई उभी होती, जिने कोणी मारलेलं नसताना, कोणी विचारलेलंही फक्त सहज असताना, नाही म्हटलं होतं. ती वळली. बायका अजून पडवीत होत्या. ती आईपुढे जाऊन बसली आणि कोलामीत म्हणाली, "तू सांग. आपण काय खायचो, कसं गेलं, सगळं सांग. मी यांना सांगते."

मग जंगूबाई बोलली, संथपणे, रुपालीच्या हातातल्या पेनाकडे पाहत, जणू ते पेनच ऐकत होतं. बोलून झाल्यावर तिने तोंड पुसलं.

"काय म्हणाल्या?" डॉक्टरांनी विचारलं.

काही नाही, असं म्हणता आलं असतं. पडवीत कोलामी येणाऱ्या बारा बायका होत्या आणि खोटं बोललं तरी त्यांतली एकही ते डॉक्टरांना सांगणार नव्हती. आई ज्या दिवसाबद्दल बोलली तो कौसल्याला आठवत होता. आठवायची गरज नव्हती, तो कधी गेलाच नव्हता. नोकरीचं दुसरं वर्ष, क्वार्टरवर वॉर्डातल्या दोन सिस्टर चहाला आलेल्या, आणि दारात जंगूबाई, दोन जीप बदलून, पाय धुळीने पांढरे, हातात पळसाच्या पानात बांधलेली सुकट. कोण गं, एका सिस्टरने विचारलं होतं. गावाकडची बाई आहे, ती म्हणाली होती, आमच्याकडे कामाला असते. आईला आतल्या खोलीत बसवलं होतं. पाहुण्या गेल्यावर ती पुडी घेऊन मागच्या दाराने गेली आणि नालीत टाकून आली. आईने विचारलं नाही. आई जेवली, म्हणाली चांगला झाला भात, आणि दुपारच्या जीपने परत गेली. आईला काही कळलं नाही असं समजून तिने तेरा वर्षं काढली होती.

ती उभी राहिली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा सरळ निघाला. "माझी आई म्हणते," ती म्हणाली, आणि रुपालीचं पेन थांबलं, "माझी आई म्हणते, नाल्यात विष तीन वर्षांमागं आलं. ते दुसऱ्यांनी टाकलं. पण मी माझ्या पोरीसाठी मासे वाळवून यवतमाळला नेले, ते तिनं नालीत टाकले. मी खिडकीतून पाहिलं. त्याच्या आधी शाळेनं टाकले होते. मग मी कुणासाठी वाळवायचे? म्हणते, या पोरीला विचारा, मासे खायची पद्धत होती का नव्हती. तिला सगळं येतं."

लांब शेतात कुणाचा तरी पंप फस फस करत होता. पुराणिकांनी चष्मा काढला. "या तुमच्या आई?" ते म्हणाले. मग, जरा थांबून, "तुम्ही सांगायला हवं होतं." मग त्यांनाच ते वाक्य अपुरं वाटलं असावं, कारण ते चष्मा पुसू लागले. रुपालीने फॉर्म उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "सर, हे कुठं लिहू? याला रकाना नाही."

पुढे अहवाल निघाला तेव्हा त्या पोडाचे अकरा फॉर्म नमुन्यातून वगळलेले होते. नोंदी ठरलेल्या पद्धतीत नाहीत, असं खाली बारीक अक्षरात होतं. पुराणिकांनी त्याबद्दल तिला स्वतः बोलावून सांगितलं, दिलगिरीही व्यक्त केली. तिने ऐकून घेतलं आणि वॉर्डात गेली. आयशाबीने तिच्यासाठी अँप्युल फोडून ठेवायला सुरुवात केली होती आणि आता दोघी ते कुणापासून लपवत नव्हत्या. पण ते नंतरचं. त्या दुपारी कौसल्याने रुपालीच्या हातून अकराही फॉर्म घेतले, पहिला उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आईचं नाव लिहिलं. पेन तिने दोन्ही हातांनी धरलं होतं. अक्षरं वाकडी आली. बायका एकमेकींच्या जवळ सरकल्या. कुणीतरी मरळीचं नाव घेतलं, कुणी म्हणालं आधी झिंगे लिव, कुणी त्या दोन कुत्र्यांचं सांगू लागलं. जीपच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला.

"सिस्टर, अजून दोन पोडं आहेत," पुराणिक म्हणाले. "उशीर होतोय."

पंधरा वर्षं ती डॉक्टरांशी शुद्ध बोलत आली होती. तिने मान वर न करता दुसरा फॉर्म उलटा केला.

"बसा सर," ती म्हणाली. "येळ लागन."